ब्राँझचा माणूस पाहताना आधी पाय बघा

ब्राँझची शिल्पं बघायला दालनात जाताना पाठीवरची सॅक काउंटरवरच ठेवा. वळताना शिल्पाला धक्का लागतो तो तिचाच. नागपूरच्या मे महिन्यात भर दुपारी गेलात तर आत शिरल्यावर दहा मिनिटं नुसते बसा. उन्हातून आलेल्या डोळ्यांना तपकिरी, हिरवं सगळं ब्राँझ सारखंच काळं दिसतं.

पाटी नंतर वाचा, चेहराही नंतर. आधी पाय. एका पायावर भार देऊन उभ्या आकृतीत गळ्याच्या खळगीतून ओळंबा (टोकाला वजन बांधलेली दोरी) सोडला तर तो त्याच पायाच्या घोट्याजवळ उतरतो. डोळ्यासमोर पेन उभं धरलं की पडताळता येतं. त्या बाजूची कंबर वर, खांदा खाली. ओळंबा भलतीकडे गेला तर आकृती हलते आहे, नाहीतर शिल्पकार चुकलाय. कोणतं ते आकृतीच्या मागे गेल्यावर कळतं. चेहरा जमवणारे पुष्कळ असतात, पाठ जमवणारे थोडे. म्हणून पूर्ण फेरी मारा: एकदा दोन-तीन मीटरवरून, एकदा हातभरावरून.

जवळून ओतकाम दिसतं. मोठी आकृती भरीव नसते. साच्यातला मेणाचा पोकळ थर वितळवून त्याच्या जागी साधारण ११०० अंश सेल्सिअसचा ब्राँझचा रस ओततात. कवच जेमतेम ५-६ मिलिमीटर. भरीव ओतलं तर जाड भाग उशिरा थिजतो, आकसतो आणि खड्डा पडतो. हात, धड वेगळे ओतून वेल्ड करतात आणि सांधा घासून मिटवतात. काखेत, मांडीजवळ बघा: सगळीकडे मूळ मातीकामातले बोटांचे ठसे आणि मध्येच गुळगुळीत पट्टा, म्हणजे सांधा तिथे.

वरची झाक हा ब्रशने दिलेला ऑइलपेंट नव्हे. धातू तापवून रसायन लावतात: फेरिक नायट्रेटने तांबूस तपकिरी, क्युप्रिक नायट्रेटने हिरवी, शेवटी मेणाचा हात. आपल्या घामातलं मीठ हीच झाक बिघडवतं, म्हणून बोट लावायचं नाही. फिकट हिरवी भुकटी सुटलेली दिसली तर मात्र ती झाक नाही. क्लोराइडने धातू खायला घेतलाय.

आता पाटी. ‘ब्राँझ’ आणि ‘ब्राँझ फिनिश’ यांत फरक आहे. दुसरं बहुधा फायबर. ‘३/८’ म्हणजे आठ प्रतींतली तिसरी. विकत घेणार असाल तर या आकड्याबाहेरच्या, कलावंताच्या राखीव प्रती किती, तेही विचारा.

सिव्हिल लाइन्सला असाल तर अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात डोकवा. रामटेकजवळच्या हमलापुरीला सापडलेल्या ब्राँझच्या बुद्धमूर्ती तिथल्या संग्रहात आहेत. सध्या मांडल्या आहेत का, ते तिकीट काढण्याआधी विचारा.