मांडू-महेश्वरला कमी खर्चात जायचंय? या चुका टाळा

पावसाळा लागला की इंदूरची मित्रमंडळी शनिवार-रविवार धरून मांडू, महेश्वर, ओंकारेश्वरकडे निघतात. अशा सहलीत पेट्रोलच्या दरापेक्षा चुकीच्या आखणीचाच खर्च जास्त होतो.

एका दिवसात तीन ठिकाणं

सगळ्यांत महागात पडते ती हीच चूक. धारमार्गे मांडू १०० किमी, पुढे महेश्वर ४०, तिथून ओंकारेश्वर ६५ आणि परत इंदूर ८०. कागदावर हे २८५ किमी सोपे दिसतात. पण यात घाट आहेत, बाजाराची गावं आहेत. शिवाय जहाज महाल, होशंगशाहाची कबर आणि रूपमती मंडप एका आवारात नाहीत, तिन्हींची तिकिटंही वेगळी. मांडूलाच चार तास लागतात. मग महेश्वर धावतपळत होतं, ओंकारेश्वर अंधारात, आणि थकलेल्या मंडळींना मिळेल त्या भावाने खोली घ्यावी लागते.

एका दिवसासाठी मांडू-महेश्वर पुरे. सहाला निघा, नऊपर्यंत मांडू गाठा, एकच्या सुमारास खाली उतरा, सूर्यास्तापर्यंत महेश्वरचा घाट, मग धामनोद-मानपूरमार्गे परत. क्रम उलटा करू नका. उलट गेलात तर मांडूला पोचेपर्यंत दुपार होते आणि इमारती संध्याकाळी बंद होतात. सकाळी धुकं असेल तर रूपमती मंडप शेवटी ठेवा. हवा स्वच्छ झाली की तिथून नर्मदेची रेघ दिसते.

आपलं कॅलेंडर पाहून श्रावण धरणं

इकडचा सावन गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो, म्हणजे आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी. मराठी कॅलेंडरमध्ये आषाढ दिसतो म्हणून ओंकारेश्वर ठरवलं, तर रस्त्यात कावडयात्री आणि दर्शनाला लांब रांग. सोमवार तर टाळाच. मुक्काम करायचा असेल तर ओंकारेश्वरला शेगावच्या गजानन महाराज संस्थानाचं भक्तनिवास आहे, पण या दिवसांत तिथे जागा मिळेलच असं धरू नका.

हिशेब परतल्यावर करणं

मांडू-महेश्वरची फेरी २३५ किमी, इकडेतिकडे फिरणं धरून २६०. पाच जण बसलेली, एसी चालू असलेली छोटी गाडी लिटरला १५-१६ किमी देते, म्हणजे १७ लिटर पेट्रोल. लिटरला ११० रुपये धरले तर १,८७०, माणशी ३७५. टोल, तिकिटं आणि दोन जेवणं यात मिळवून निघण्याआधीच सगळ्यांचे पैसे एकाकडे जमा करा. थोडी रोख ठेवा, घाटात नेटवर्क जातं. फास्टॅगमधली शिल्लक आदल्या रात्री पाहा. टॅग चालला नाही तर टोल जास्त पडतो.

ओळखीतली पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी भाड्याने घेणं

स्वस्त पडते म्हणून ही गाडी घेतली जाते. पण खासगी गाडी भाड्याने चालवताना अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीची प्लेट काळी, अक्षरं पिवळी असतात. किलोमीटरची मर्यादाही आधीच विचारा.

घाटात न्यूट्रल

माळव्याच्या पठारावरून निमाडात, म्हणजे नर्मदेच्या खोऱ्यात उतरताना जवळजवळ ४०० मीटरचा उतार आहे. पेट्रोल वाचवायला कुणी न्यूट्रल करतं, कुणी इंजिनच बंद करतं. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी मदत संपते, पेडल दगडासारखं होतं. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि पकड सोडतात. चढायला जो गिअर लागेल त्याच गिअरमध्ये उतरा, बहुधा दुसऱ्या. आधुनिक गाडीत गिअरमध्ये उतरताना इंजिनला जाणारं पेट्रोल तसंही बंद होतं, त्यामुळे न्यूट्रलने बचत काहीच होत नाही.

जळका वास आला किंवा पेडल खोल जायला लागलं तर खालचा गिअर टाका, मोकळी जागा पाहून थांबा, अर्धा तास ब्रेक थंड होऊ द्या. चाकांवर पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकडी होते. चढताना तापमानाचा काटा वर गेला तर एसी बंद करून थांबा, रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका.

सहलीला निघण्याआधी, टायर गार असतानाच त्यांत हवा भरा. पाच जणांसाठी किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं.

पाणी शांत दिसलं म्हणून उतरणं

नर्मदेवर वर इंदिरा सागर आणि ओंकारेश्वर ही धरणं आहेत. तिथून पाणी सुटलं की इकडे पाऊस नसतानाही पात्र चढतं. २००५ मध्ये देवास जिल्ह्यातल्या धाराजीला असंच पाणी आलं आणि यात्रेतले अनेक भाविक वाहून गेले. इंदूरजवळच्या पाताळपाणी धबधब्यालाही २०११ मध्ये वरच्या पावसाचा लोंढा अचानक आला होता. महेश्वरच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर बसाल तेव्हा पाणी कितव्या पायरीवर आहे ते लक्षात ठेवा. एक पायरी बुडाली की सामान उचला आणि थेट वर या. बोटीत बसायचं तर लाइफ जॅकेट घालूनच, आणि भाडं माणशी की पूर्ण बोटीचं हे बसण्याआधी ठरवून घ्या.