क्रूझवर चढलात की आधी हे करा

आपण नागपूरच्या अंबाझरी-फुटाळा तलावांच्या काठावर वाढलेली माणसं. समुद्र पाहायचा तर रात्रभर रेल्वेत बसावं लागते. म्हणून मुंबईहून क्रूझवर निघालो तेव्हा हिने आधी संत्रा बर्फी भरली. मी मात्र खोलीत शिरताच कपाट उघडून लाइफ जॅकेट मोजले. दोन माणसं, दोन जॅकेट. शिट्टी आणि दिवा लावलेला आहे ना, तेही पाहा.

मग दारामागचा नकाशा वाचून संकटात जमायच्या जागेपर्यंत पायी चालून या. लिफ्ट नको. वाटेतली दारं मी मोजली: डावीकडे अकरा, मग जिना. धुरात भिंतीला हात लावून तेवढंच कामी येते. हिला हसू आलं, येऊ द्या.

सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा वाजला की बॅगा सोडायच्या. औषधं, गरम कपडा, जॅकेट घेऊन निघायचं.

जहाजावर संकटात काय करायचं याचा सराव घेतात, तो बुडवू नका. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ खडकाला घासली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव व्हायचाच होता. ३२ जण गेले. प्रवासी अडकलेले असताना जहाज सोडणाऱ्या कॅप्टनला १६ वर्षांची शिक्षा झाली. आता सराव जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घ्यावाच लागतो.

कोणी पाण्यात पडलं तर ओरडा, रिंग फेका आणि त्या माणसाकडे बोट रोखून ठेवा. नजर हटली की लाटांत डोकं सापडत नाही. आणि रेलिंगवर बसून सेल्फी काढणाऱ्या भाच्याची कॉलर धरा, मी धरली.