यावल अभयारण्याला पहिल्यांदा जाताना
सातपुड्यातील यावल अभयारण्य प्रथमच पाहायचे असल्यास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा, कारण एप्रिल-मे महिन्यांत खानदेशातील तापमान ४० अंशांच्या पुढे जाते आणि पानगळीच्या त्या जंगलात सावलीही फारशी उरत नाही. रावेरहून अभयारण्याजवळच्या पाल या गावी निघण्यापूर्वी वन विभागाकडे प्रवेशाची व मुक्कामाची चौकशी करावी. डोंगरातील रात्री थंड असल्याने स्वेटर, कानटोपी घ्यावी; कपडे मातकट रंगाचे असावेत. माणशी तीन लिटर पाणी, विजेरी व नेहमीची औषधे हवीतच. शिदोरीला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सर्वांत उत्तम. केळी मात्र, रावेरची असली तरी, वानरांना मुळीच देऊ नयेत. खाण्याच्या आशेने वानरे रस्त्यावर येतात आणि वाहनांखाली सापडतात, हे मुलांना घरीच समजावून सांगावे.