पोरं बेटावर अडकली, पण गोष्ट कुठे अडकली? या चुका टाळा

बोटीची सहल, चार-पाच पोरं, निर्मनुष्य बेट. कौटुंबिक धमाल सिनेमासाठी याहून सोपं कथानक काय हवं? तरीही पटकथा मध्यंतराआधीच गटांगळ्या खाते, कारण संकट बाहेरून आणलेलं असतं आणि सुटकाही बाहेरूनच येते.

पहिली चूक म्हणजे वादळ. वीज कडाडते, बोट फुटते, शुद्ध येते ती थेट वाळूवर. यात पोरांची चूकच नाही, मग हसायचं कशावर? त्यापेक्षा त्यांना ओहोटीला बोट वाळूवर ओढून ठेवू द्या. दोर बांधायचं काम प्रत्येकाने दुसऱ्यावर सोडलेलं. साधारण सहा तासांत भरती पुरी चढते आणि बोट मुकाट्याने निघून जाते. तेवढ्यात सेल्फी चालू आहेत. रात्री फोटो चाळताना दिसतं की पहिल्या फोटोत बोट मागे उभी आहे, चौथ्यात तिरकी झालीय, नवव्यात नखाएवढी! इथून जे भांडण पेटेल ते तुम्हाला वीस मिनिटं पुरेल.

भरतीचं एक भान मात्र ठेवा. ती रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा येते. पहिल्या दिवशी बारा वाजता बुडालेला खडक तिसऱ्या दिवशीही बरोबर बाराला बुडाला, तर किनाऱ्यावर वाढलेला प्रेक्षक तिथेच हसेल, आणि ते हसू तुम्हाला नको असेल.

चष्म्याने आग पेटवणं ही जुनीच खोड. तरुण पोरांचा चष्मा बहुधा मायनस नंबरचा, म्हणजे अंतर्गोल भिंगाचा. तो उन्हाचे किरण एकत्र आणत नाही, उलट फाकवतो. पण ही चूक काढून टाकू नका, वापरा. वर्गातला हुशार मुलगा अर्धा तास भिंग धरून बसतो, व्याख्यान झोडतो, धुराचा पत्ता नाही. मग कुणाच्या तरी बॅगेत चुकून आलेला आजीचा वाचायचा चष्मा निघतो. तो प्लसचा!

मोबाइलची बॅटरी एका वाक्यात संपवू नका, शेवटच्या सहा टक्क्यांवर भांडू द्या. आणि सिनेमा हलकाफुलका असला तरी समुद्राचं पाणी कुणाला गटागट पाजू नका. लिटरमागे त्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, प्यायल्यावर शरीरातलं पाणी आणखी घटतं. बघणारी मुलं लहान आहेत.

उत्तरार्धात तस्कर आणि खजिना आला की समजावं, लेखकाचा दम संपला. माझ्या मते तेवढी पानं सरळ फाडावीत.

शेवटी कुठूनसं हेलिकॉप्टर उगवतं, तेही नको. मेकअपच्या डबीतल्या ज्या आरशाची सगळ्यांनी टर उडवली, त्याचीच तिरीप लांबच्या बोटीवर पडू दे. उन्हात ती काही किलोमीटरवरूनही दिसते. फक्त डबी बॅगेत भरताना पहिल्या प्रसंगात दाखवली होती ना, तेवढं उलटून बघा.