शुगर आणि वजनासाठी इसबगोल, मेथी, ओट्स घेताय? या चुका टाळा

इसबगोल सुरू करून महिना झाला, तरी वजन हलत नाही आणि जेवणानंतरची शुगरही जिथल्या तिथे, अशी तक्रार वारंवार कानावर येते. खोदून विचारलं की बहुतेकदा एकच उत्तर मिळतं: "रात्री झोपताना घेते, कोमट पाण्यातून."

बद्धकोष्ठासाठी ती वेळ उत्तम. शुगरसाठी मात्र ती जवळजवळ वाया जाते. कारण समजायला घरीच एक प्रयोग करा. ग्लासभर पाण्यात दोन चहाचे चमचे इसबगोल ढवळून ओट्यावर ठेवा. आधी नुसतं गढूळ पाणी दिसेल. दहा मिनिटांनी चमचा फिरवायला जोर लागेल, आणि ग्लास कलता केला तर आतला बुळबुळीत लगदा सावकाश सरकेल. इसबगोलमधल्या विद्राव्य (पाण्यात विरघळणाऱ्या) फायबरचं सगळं काम या लगद्यावर चालतं. तो अन्नात मिसळला की जठर हळू रिकामं होतं, भात-पोळीतल्या पिठूळ पदार्थांची साखर लहान आतड्यातून सावकाश रक्तात येते आणि पोट भरल्यासारखं जास्त वेळ वाटतं. साडेआठला जेवून साडेदहाला इसबगोल घेतलं, तर ते त्या भाताला गाठणार कसं? म्हणून ज्या जेवणानंतर शुगर सर्वांत जास्त चढते, त्याच्या दहा-पंधरा मिनिटं आधी घ्या.

पाण्याची कंजुषी

ही चूक मला सर्वांत जास्त काळजीची वाटते. काही जण इसबगोलची कोरडीच फक्की मारतात, वर दोन घोट पाणी. भुसा घशात किंवा अन्ननलिकेत फुगला तर अडकू शकतो. अमेरिकेत तर इसबगोलच्या पाकिटावर गुदमरण्याचा इशारा छापणं सक्तीचं आहे. एका मात्रेला किमान 240 मिली पाणी हवं, आणि ढवळल्याबरोबर प्यायचं. ज्यांना गिळताना त्रास होतो किंवा आतडं अरुंद झाल्याचं निदान आहे, त्यांनी याच्या वाटेलाच जाऊ नये. जुन्या मधुमेहात जठराची हालचाल मंदावलेली असू शकते. थोडं खाल्लं तरी पोट तासन् तास जड राहत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

फायबर म्हणजे सगळं एकच, हा समज

गव्हाचा कोंडा पोट साफ ठेवतो, पण त्यातलं बहुतेक फायबर अविद्राव्य. त्याचा लगदा होत नाही. 'हाय फायबर' बिस्किटांत बऱ्याचदा हाच कोंडा असतो, जोडीला मैदा आणि साखर. इन्युलिन (हे आणखी एक फायबर, इन्सुलिन नव्हे) पाण्यात विरघळतं, पण घट्ट होत नाही, त्यामुळे जेवणानंतरच्या शुगरवर त्याचा म्हणावा तसा परिणाम दिसत नाही. घट्ट होणारं फायबर इसबगोल, मेथीदाणे, ओट्स, सातू (बार्ली) आणि जवस यांत असतं. ओट्सही जाडे घ्या. बारीक केलेले झटपट मसाला ओट्स शुगर लवकर चढवतात.

मेथीचं तर फार वाईट वाटतं. दाणे रात्रभर भिजवतात, सकाळी पाणी पितात आणि दाणे टाकून देतात! फायबरचा मोठा भाग त्या फुगलेल्या दाण्यांतच राहिलेला असतो. दाणे चावून खा, नाहीतर वाटून भाकरीच्या पिठात मळा. जवसाची चटणी याच कारणासाठी चांगली: अख्खं जवस बरेचदा जसंच्या तसं बाहेर पडतं, कुटलेलं कामी येतं.

पहिल्याच दिवशी तीन चमचे

मग गुबारा धरतो, पोट फुगतं आणि चौथ्या दिवशी डबा फडताळात जातो. एका चहाच्या चमच्याने सुरुवात करा, दर आठवड्याला थोडं वाढवा.

गोळ्यांसोबत घेणं

हा लगदा औषधंही अडकवून ठेवू शकतो. बहुतेक गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा, थायरॉईडच्या गोळीला चार तासांचं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (शुगर कमी करणारी गोळी) चालू असेल तर डॉक्टरांना सांगूनच सुरू करा. शुगर खाली यायला लागली तर डोस बदलावा लागतो, आणि तो आपल्या मनाने बदलायचा नसतो.

वजनाबाबत अपेक्षा माफक ठेवा. इसबगोल चरबी जाळत नाही. पोट लवकर भरतं, म्हणून दुसऱ्यांदा भात घ्यावासा वाटत नाही, एवढाच त्याचा फायदा. ताट होतं तेवढंच राहिलं तर काटाही तिथेच राहणार. उपवासाची साबुदाण्याची खिचडी म्हणजे तर जवळपास निव्वळ स्टार्च. आधी इसबगोल घेतलं म्हणून वाटीभर जास्त खाण्याची मुभा मिळत नाही.

आपल्याला उपयोग होतोय की नाही, हे ग्लुकोमीटरवर पाहा. एक दिवस नेहमीचं जेवण इसबगोलशिवाय, दुसऱ्या दिवशी तेच जेवण, तेवढंच, इसबगोल घेऊन. दोन्ही दिवशी पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी शुगर मोजा. एका जोडीवर विसंबू नका, तीन-चार वेळा करा आणि ते आकडे पुढच्या तपासणीला डॉक्टरांकडे घेऊन जा.