नाकातले पॉलिप आणि स्टेरॉइडच्या गोळ्या: या चुका टाळा

नाक उघडलं म्हणजे आजार गेला, हा समज आहे तोवर बाकीच्या चुका होतच राहणार. इंदुरात औषधाच्या दुकानात बसून मी हे वाक्य इतक्यांदा ऐकते, की आता समोरच्याला थांबवून आधी तेवढंच समजावते.

पॉलिप म्हणजे नाकाच्या आणि सायनसच्या सुजलेल्या अस्तराचे लोंबणारे कोंब. सोललेल्या द्राक्षासारखे फिकट, हात लावला तरी सहसा न दुखणारे. प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी पोटात गेली की ही सूज झपाट्याने ओसरते. थोड्याच दिवसांत नाक मोकळं होतं, कितीतरी महिन्यांनी फोडणीचा वास येतो आणि माणूस हरखून जातो. पण ज्या दाहामुळे कोंब वाढले, तो दाह तिथेच असतो. गोळ्या थांबल्या की काही आठवड्यांत किंवा काही महिन्यांत नाक पुन्हा भरायला लागतं. गोळीने कोंब आक्रसतात आणि नाकात मारायच्या स्टेरॉइडच्या स्प्रेला आत शिरायला वाट होते. रोजचा खरा उपचार तो स्प्रेच. बहुतेकांचं नेमकं उलटं चालतं: गोळी आवडीची आणि स्प्रे कपाटात.

जुनी चिठ्ठी पुन्हा वापरणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. रामबागेकडचे एक काका, मधुमेही, पॉलिपचं ऑपरेशन पूर्वी झालेलं. ऑपरेशननंतरही पॉलिप परत येऊ शकतात, तसे त्यांचे आले. डॉक्टरांनी थोड्या दिवसांचा प्रेडनिसोलोनचा कोर्स आणि कायमचा स्प्रे लिहून दिला. काकांनी स्प्रे सोडला आणि चिठ्ठी जपून ठेवली. नाक चोंदलं की गोळ्या. एका दुकानाने हटकलं तर दुसरं दुकान. पुढे पुढे मधला खंडच संपला आणि गोळी रोजची झाली. घरात कुणाला पत्ता नाही.

देवासला नात्यातलं लग्न होतं, तिथे गोळ्या संपल्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उलट्या, चक्कर, अंथरुणातून उठवेना. सगळ्यांना वाटलं, लग्नाचं जेवण बाधलं. दवाखान्यात नेलं तर रक्तदाब खूप खाली. डॉक्टर विचारतायत, "कोणत्या गोळ्या चालू होत्या?" आणि मुलगा सांगतोय, "फक्त शुगरची." शेवटी काकूंना काकांच्या शर्टाच्या खिशात एक कापलेली पट्टी सापडली, तेव्हा उलगडा झाला.

काका बरे झाल्यावर काकू एक पिशवी घेऊन माझ्याकडे आल्या. "बघ गं बाई, यातलं काय काय आहे ते सांग." काउंटरच्या काचेवर आम्ही सगळ्या पट्ट्या मांडल्या. कुठे चार गोळ्यांचा तुकडा, कुठे सहाचा, आणि कित्येक तुकड्यांवर औषधाचं नावच नाही, कारण कापताना नावाची कड दुकानातच राहिलेली. काहींवर पाच मिलिग्रॅम, काहींवर दहा. काकांना वाटायचं, गोळी ती गोळी.

झालं काय, ते समजून घ्या. मूत्रपिंडांच्या माथ्यावर अधिवृक्क ग्रंथी असतात. शरीराला रोज लागणारं कॉर्टिसॉल त्या बनवतात. बाहेरून स्टेरॉइड साधारण तीन आठवड्यांहून जास्त मिळत राहिलं, की त्या आपलं काम कमी करतात. मग गोळी एकदम तोडली तर बाहेरचंही नाही आणि आतलंही नाही. डॉक्टर लांबलेला डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात तो यासाठी. पाच-सात दिवसांचा छोटा कोर्स कधी सरळ थांबवता येतो, पण ते ठरवायचं डॉक्टरांनी. आणि छोटे छोटे कोर्स वरचेवर घेतले तरी त्यांची बेरीज होतेच: हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो, खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटू शकतो. युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शिकेत स्प्रेच्या जोडीला वर्षातून एखाद-दुसरा कोर्स, एवढंच गोळीचं स्थान आहे. त्याहून जास्त लागत असेल तर ऑपरेशन किंवा नवीन इंजेक्शनांबद्दल बोलायची वेळ झाली, असं समजा.

माझी सवय सांगते. चिठ्ठीवर "दोन, मग एक, मग अर्धी" असं असलं की मी पाकिटावर तारखा घालून देते: या तारखेपर्यंत इतक्या, त्यानंतर इतक्या. घरी गेल्यावर त्या कालनिर्णयवर उतरवायला सांगते. पट्टी कापताना नाव आणि मुदत गिऱ्हाइकाकडच्या तुकड्यावर राहील अशीच कापते. तुम्हीही दुकानदाराकडे तसा आग्रह धरा.

स्प्रे मारायचा म्हणून मारणं

"स्प्रेने काही फरक पडत नाही हो," असं म्हणणाऱ्याला मी विचारते, कसा मारता ते दाखवा. दहापैकी आठ-नऊ जण मान मागे टाकतात, नळी सरळ वर धरतात आणि जोरात ओढतात. औषध घशात उतरतं, तोंड कडू होतं, नाकाला काही मिळत नाही. काही जण मधल्या पडद्यावरच फवारतात आणि मग रक्त आलं म्हणून घाबरून बंद करतात.

मान किंचित पुढे झुकवा. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने मारा, म्हणजे नळीचं तोंड आपोआप बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याकडे वळतं. हलका श्वास घ्या, फुलाचा घेतो तेवढाच. नंतर दहा-पंधरा मिनिटं नाक शिंकरू नका. बाटली आधी हलवायची, आणि नवी असेल तर बारीक, एकसारखा फवारा येईपर्यंत हवेत सोडायची.

स्प्रेच्या आधी मिठाच्या पाण्याने नाक धुतलंत तर फारच उत्तम. आपल्याकडे नळाला नर्मदेचं पाणी येतं, ते स्वच्छ दिसतं, म्हणून कुणी कुणी तसंच नाकात घालतात. ते उकळून थंड करूनच वापरा. मिठाचं माप चुकलं की आग होते, म्हणून मी तयार पुडी घ्यायला सांगते.

आणि धीर धरा. स्प्रेचा गुण यायला काही आठवडे लागतात. चौथ्या दिवशी येऊन "ती गोळीच द्या, आजच्या आज नाक उघडते" म्हणणाऱ्यांना मी गोळी देत नाही, मग ते रागावले तरी चालेल. हे औषध चिठ्ठीशिवाय विकायचंच नसतं.

थोडक्यात बाकीच्या

प्रेडनिसोलोन मिळालं नाही म्हणून तेवढ्याच मिलिग्रॅमचं डेक्सामेथासोन घेऊ नका. डेक्साचं पाऊण मिलिग्रॅम म्हणजे प्रेडनिसोलोनचं पाच.

गोळी सकाळी, नाश्ता झाल्यावर घ्या. संध्याकाळी घेतलीत तर रात्रभर छताकडे बघत पडाल.

मधुमेह डॉक्टरांपासून लपवू नका. स्टेरॉइडने साखर चढते, बहुधा दुपारनंतर, म्हणून फक्त उपाशीपोटीची तपासून भागत नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात या शहरात काळ्या बुरशीवरच्या अॅम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी लोकांना दारोदार फिरताना पाहिलंय. कोविड, हाताबाहेर गेलेली साखर आणि स्टेरॉइड एकत्र आले की काळी बुरशी नाकातूनच वर चढते.

सोबत डोकेदुखीची गोळी परस्पर घेऊ नका. काही वेदनाशामकं आणि स्टेरॉइड मिळून पोटात अल्सर करतात. शिवाय पॉलिप आणि दमा दोन्ही असलेल्या काहींना अॅस्पिरिन, आयबुप्रोफेनने जोराची धाप लागते.

नाक उघडणारे थेंब, ते झायलोमेटाझोलिनवाले, पाच-सात दिवसांपलीकडे नकोत. नंतर त्यांच्यामुळेच नाक बंद होतं.

"मांस वाढलंय" एवढ्यावर गोळी सुरू करू नका. नाकात आत सगळ्यांनाच असणाऱ्या हाडांवरचं अस्तर सुजलं तरी लोक हेच म्हणतात. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने बघून घ्या.

कोंब एकाच बाजूला असेल, त्यातून रक्त येत असेल, किंवा लहान मुलाच्या नाकात असेल, तर तपासणी आधी, गोळी नंतर. एका बाजूचा कोंब कधी गाठही निघतो, आणि स्टेरॉइडने तो थोडा ओसरला तर निदान लांबतं. डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणं, नजर मंदावणं, टाळूवर किंवा नाकात काळा डाग, तापासोबत भयंकर डोकेदुखी, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी सकाळची वाट न बघता मोठ्या दवाखान्यात जा.