खाडीत फ्लायवर जिताडा: या चुका टाळा

जिताडा म्हणजे आपला आशियाई सी-बास. उरणपासून धरमतरपर्यंतच्या खाड्यांत तो फ्लाय, म्हणजे गळावर पिसे-केस बांधून केलेले खोटे आमिष, घेतो. मुंबईहून रॉड घेऊन येणारी नवी मंडळी मात्र त्याला हातचा घालवतात, आणि बहुतेक वेळा कारण एकच: ओढ लागली की रॉड वर उचलणे. ही सवय ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाचे व्हिडिओ बघून लागते. जिताडा पाण्यासकट फ्लाय तोंडात ओढतो आणि त्याचे तोंड टणक असते. रॉड उचलला की सगळा जोर वाकण्यात जातो आणि फ्लाय निसटते. रॉडचे टोक पाण्याशी ठेवा आणि डाव्या हाताने लाइन सरळ मागे खेचा. गळ लागला नाही तरी फ्लाय माशाच्या पुढ्यातच राहते, कधी कधी तो वळून परत घेतो.

धरमतरच्या खाडीत डोंबिवलीचा एक मुलगा सोबत होता. ओहोटी लागलेली, तिवरांतून येणाऱ्या ओहळाच्या तोंडाशी बोयांची पिल्ले उडत होती. टप्प आवाज झाला आणि त्याचा रॉड आभाळाकडे. पुन्हा तेच. "अरे, हात खाली!" मी ओरडलो. शेवटी त्याने लाइन खेचली, मासा लागला आणि तिवरांच्या मुळांकडे धावला. क्षणात लाइन सैल! लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लाय यांमधला बारीक दोरा, कापलेला, कारण टोकाला बारा पौंडी (तेवढाच ताण पेलणारा) तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, होता. "काका, जाड तंगूस माशाला दिसतो ना?" असल्या गढूळ पाण्यात काय दिसणार? जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड ब्लेडसारखी असते. शेवटचा दीड हात 40 पौंडी तंगूस बांधा. मी प्रत्येक माशानंतर त्यावरून नख फिरवतो, खरखर लागली की तेवढा तुकडा कापून टाकतो.

थंड पाण्यासाठीची लाइन स्वस्त मिळाली म्हणून घेऊ नका. आपल्या उन्हात ती मऊ पडते आणि रॉडच्या कड्यांत चिकटते. उष्ण हवामानासाठीचीच घ्या, रॉड आठ नंबरचा (हा नंबर लाइनच्या वजनाचा).

फ्लायच्या डब्या भरत बसू नका. बॉब क्लाउजर यांनी अमेरिकेतल्या सस्क्वेहाना नदीच्या बाससाठी बांधलेली क्लाउजर मिनो इथेही चालते. डोळ्यांच्या वजनामुळे ती खाली डुबकते आणि खेचली की वर येते.

भरतीची वेळ न बघता रविवार मोकळा म्हणून निघणे मला पटत नाही. तिथीची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता भरती: अष्टमीला सहाच्या सुमारास. उधाणाच्या दिवशी पाणी चढताना तिवरांत शिरू नका, परतीची वाट बुडते.

मोठा जिताडा जबड्याला लटकवून फोटो काढणे तर बंदच करा. हा मासा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, म्हणजे ती बहुधा अंड्यांची मादी असते. गळाचा काटा पकडीने आधीच दाबून ठेवा, मासा दोन्ही हातांवर आडवा धरा आणि तोंड प्रवाहाकडे करून तो स्वतः शेपूट मारेपर्यंत सोडू नका.